डोपिंगविरुद्ध बोलणाऱ्यांना संरक्षण हवे

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

एखादा खेळाडू उत्तेजक द्रव्य चाचणीत दोषी आढळला की त्याचे छायाचित्र, द्रव्याचे अवघड नाव आणि बंदीचा कालावधी एवढे आपल्याकडच्या वृत्तपत्रांत छापून येते आणि विषय तिथेच मिटतो. व्यावसायिक सायकल शर्यतींचा एक जुना चाहता म्हणून मी या खेळातली प्रकरणे बरीच वर्षे बारकाईने वाचत आलो आहे. त्यावरून माझे असे ठाम मत झाले आहे की डोपिंगची खरोखर मोठी प्रकरणे केवळ प्रयोगशाळेमुळे क्वचितच उघडकीस आली. बहुतेक वेळा कोणीतरी तोंड उघडले, किंवा कुठेतरी एखादी गाडी अडवली गेली, म्हणून ती बाहेर आली. ज्यांनी तोंड उघडले त्यांची पुढे काय गत झाली, याकडे मात्र फारसे कोणी पाहत नाही. त्यासाठी हा पत्रप्रपंच.

फेस्तिना या सायकल संघाचे प्रकरण जुन्या वाचकांना आठवत असेल. ८ जुलै १९९८ रोजी, म्हणजे डब्लिनमधून टूर द फ्रान्स ही प्रतिष्ठेची सायकल शर्यत सुरू व्हायला तीन दिवस असताना, बेल्जियम आणि फ्रान्सच्या सीमेवर सीमाशुल्क अधिकाऱ्यांनी या संघाची एक गाडी थांबवली. गाडी चालवत होते विली व्होट, संघातील खेळाडूंची मालिश आणि देखभाल करणारे अनुभवी कर्मचारी. गाडीत इरिथ्रोपोएटिन अर्थात ईपीओ, वाढीचे संप्रेरक, टेस्टोस्टेरॉन आणि अँफेटामिन यांचा साठा सापडला. ईपीओ हे आपल्या मूत्रपिंडात तयार होणारे संप्रेरक आहे. ते बाहेरून टोचले की रक्तातील तांबड्या पेशी वाढतात, स्नायूंना प्राणवायू अधिक मिळतो आणि घाटातल्या लांब चढणीवर खेळाडूचा दम टिकतो. मात्र रक्त दाट होत असल्याने जिवाला धोकाही असतो. त्या काळी ईपीओ ओळखणारी चाचणीच नव्हती. म्हणून आंतरराष्ट्रीय सायकलिंग महासंघाने १९९७ पासून रक्तातील तांबड्या पेशींच्या प्रमाणावर ५० टक्क्यांची मर्यादा घातली. त्याचा परिणाम असा झाला की संघांचे डॉक्टर खेळाडूंचे रक्त ५० च्या जरासे खाली ठेवण्यात वाकबगार झाले. १९९८ च्या जागतिक अजिंक्यपद स्पर्धेच्या वेळी महासंघाचे तपासनीस दाराशी आलेले असताना अमेरिकी सायकलपटू लान्स आर्मस्ट्राँग यांच्या संघाच्या डॉक्टरांनी रेनकोटखाली सलाईनची पिशवी लपवून आत नेली आणि आर्मस्ट्राँग यांचे रक्त पातळ करून दिले, अशी साक्ष त्यांच्या संघसहकाऱ्याने पुढे दिली.

आर्मस्ट्राँग यांनी १९९९ ते २००५ अशी सलग सात वर्षे टूर जिंकली. आपल्या शेकडो चाचण्या झाल्या आणि एकदाही आपण दोषी ठरलो नाही, हे त्यांचे ठरलेले उत्तर असे. वास्तविक १९९९ च्या पहिल्याच विजयी टूरमध्ये त्यांच्या नमुन्यात कॉर्टिकोस्टेरॉइड या प्रतिबंधित औषधाचा अंश सापडला होता. खोगिरावर बसून झालेल्या जखमेवर लावलेल्या मलमामुळे तो आला, असे सांगणारी मागील तारखेची चिठ्ठी तयार झाली आणि प्रकरण मिटले. ही चिठ्ठी कशी तयार झाली हे कानांनी ऐकणारी एक व्यक्ती त्या खोलीत होती. संघात मालिश करणाऱ्या एमा ओ'रायली या त्या आयरिश महिला. याच स्पर्धेच्या आधी आर्मस्ट्राँग यांच्या दंडावर सुई टोचल्याचा वळ दिसत होता आणि तो झाकण्यासाठी त्यांनी एमा यांच्याकडे मेकअपचे सामान मागितले होते. एवढी बारीकसारीक, प्रत्यक्ष पाहिलेली माहिती एमा यांनी पत्रकार डेव्हिड वॉल्श यांना दिली आणि २००४ मध्ये ती छापून आली. त्याचे फळ त्यांना काय मिळाले? त्यांच्यावर खटला भरण्यात आला आणि त्यांच्या चारित्र्याबद्दल जाहीरपणे हीन शब्द वापरण्यात आले. वॉल्श यांच्या 'संडे टाइम्स'ला ब्रिटनमधील बदनामीच्या दाव्यात २००६ मध्ये तीन लाख पौंड देऊन तडजोड करावी लागली. बातमी अक्षरशः खरी असताना वृत्तपत्राला दंड भरावा लागला, हे वाचून आजही माझा संताप होतो.

क्रिस्तोफ बासाँ यांची कथा तर अधिक क्लेशकारक आहे. ते मूळचे फेस्तिना संघाचेच. त्या संघात राहूनही त्यांनी ईपीओ घेण्यास नकार दिला होता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीच तपासात तसे सांगितले होते. १९९९ च्या टूरमध्ये ते एका फ्रेंच दैनिकात रोजचा अनुभव लिहीत असत, आणि शर्यतीचा वेग पाहता सारे काही स्वच्छ झाले आहे असे आपल्याला वाटत नाही, हे त्यांनी स्पष्टपणे मांडले. त्यानंतर अख्ख्या ताफ्याने त्यांना वाळीत टाकले. त्यांनी पुढे मुसंडी मारताच सगळे मिळून त्यांना गाठत, आणि मग त्यांच्याशी बोलायला कोणीही तयार नसे. खुद्द आर्मस्ट्राँग यांनी चालू शर्यतीत त्यांच्या जवळ येऊन घरी जाण्यास सुनावले. त्यांच्या स्वतःच्या संघानेही त्यांची बाजू घेतली नाही. स्पर्धा पूर्ण होण्याआधीच ते बाहेर पडले आणि दोन वर्षांत त्यांनी व्यावसायिक सायकलिंगही सोडले. ज्या खेळाडूचा गौरव करायला हवा होता, तोच खेळ सोडून गेला.

तिसरे उदाहरण इटलीचे फिलिप्पो सिमिओनी यांचे, आणि ते तर जगाने दूरचित्रवाणीवर थेट पाहिले. आर्मस्ट्राँग यांचे सल्लागार डॉ. मिकेले फेरारी यांनी आपल्याला डोपिंगची औषधे कशी घ्यायची ते सांगितले, अशी साक्ष सिमिओनी यांनी इटलीच्या न्यायालयात दिली होती. २३ जुलै २००४ रोजी टूरच्या अठराव्या टप्प्यात पुढे निघालेल्या एका छोट्या गटाला गाठण्यासाठी सिमिओनी यांनी वेग वाढवला. एकूण क्रमवारीत ते दोन तासांहून अधिक मागे होते, त्यामुळे त्यांच्यापासून कोणालाही धोका नव्हता. तरीही क्रमवारीत अग्रस्थानी असलेल्याची पिवळी जर्सी घातलेले आर्मस्ट्राँग स्वतः त्यांच्या मागे धावले. पिवळी जर्सी गटात आली म्हणजे मागचा सगळा ताफा पाठलाग करणार आणि आपली टप्पा जिंकण्याची संधी जाणार, हे पुढच्या खेळाडूंना कळत होते. सिमिओनी मागे फिरले तरच आपणही फिरू, अशी आर्मस्ट्राँग यांची अट होती. अखेर सिमिओनी मागे फिरले. ताफ्यात परतल्यावर इतर खेळाडूंनी त्यांना शिव्याशाप दिले, आणि आर्मस्ट्राँग यांनी कॅमेऱ्यासमोर ओठांवरून बोटे फिरवून तोंड बंद ठेवण्याची खूण केली. न्यायालयात साक्ष देणाऱ्याला असे भर रस्त्यात धमकावले जात होते, आणि त्याबद्दल आर्मस्ट्राँग यांना एका दिवसाचीही बंदी झाली नाही.

ऑक्टोबर २०१२ मध्ये अमेरिकेच्या उत्तेजकविरोधी संस्थेने एक हजारांहून अधिक पानांचे पुरावे जाहीर केले, तेव्हा त्याचा कणा २६ जणांच्या साक्षी हाच होता. त्यात आर्मस्ट्राँग यांचे ११ माजी संघसहकारी होते. त्याच महिन्यात सातही विजेतेपदे काढून घेण्यात आली. हे घडले ते स्वागतार्हच. परंतु त्या साक्षीदारांपैकी जे खेळाडू तोवर स्पर्धांत उतरत होते, त्यांना साक्षीबद्दल सवलत म्हणून सहा महिन्यांची बंदी मिळाली, तीही बव्हंशी हिवाळ्यात, जेव्हा मोठ्या शर्यती नसतात. ज्यांनी वर्षानुवर्षे द्रव्ये घेतली, पैसा व कीर्ती मिळवली आणि तपास यंत्रणा दारात आल्यावर सत्य सांगितले, त्यांना सहा महिने; आणि ज्यांनी वेळीच सांगितले, त्यांना छळ सोसावा लागला. सवलत देऊ नये असे मी म्हणत नाही, कारण तिच्याशिवाय कोणी बोललेच नसते. पण बासाँ, सिमिओनी आणि ओ'रायली यांची भरपाई करण्याची जबाबदारी एकाही क्रीडा संस्थेला आपली वाटली नाही, हे मला अन्यायाचे वाटते.

यावर असा आक्षेप येतो की बोलणारे सगळेच काही धुतल्या तांदळासारखे नसतात. हे खरे आहे. २०१० मध्ये ज्यांच्या संघातील डोपिंग उघड करणाऱ्या ई-मेलनंतर आर्मस्ट्राँग प्रकरणाला वेग आला, त्या फ्लॉइड लँडिस या आर्मस्ट्राँग यांच्या माजी संघसहकाऱ्याचे स्वतःचे २००६ चे टूर विजेतेपद टेस्टोस्टेरॉनमुळे गेले होते. चार वर्षे ते खोटे बोलले आणि बचावासाठी त्यांनी चाहत्यांकडून पैसेही गोळा केले. त्यांच्याविषयी मला आदर नाही. तथापि त्यांनी दिलेली माहिती तपासता येण्याजोगी होती. आल्प्सच्या परिसरात संघाची बस बिघडल्याचे नाटक करून ती रस्त्याच्या कडेला उभी केली गेली आणि आतमध्ये खेळाडूंना त्यांचेच साठवलेले रक्त चढवले गेले, असा तपशील घरी बसून रचता येत नाही. सांगणाऱ्याचे चारित्र्य कसे आहे यापेक्षा त्याने सांगितलेले खरे ठरते का, हे पाहणे तपास यंत्रणांचे आणि पत्रकारांचेही काम आहे.

इतर खेळांतही हेच दिसते. २००३ मध्ये एका ॲथलेटिक्स प्रशिक्षकाने वापरलेली सिरिंज निनावीपणे अमेरिकी संस्थेकडे पाठवली, म्हणून टीएचजी हे तोवर कोणत्याही चाचणीत न दिसणारे स्टेरॉइड ओळखता आले आणि खेळाडूंना उत्तेजके पुरवणाऱ्या बाल्को या अमेरिकी कंपनीचे प्रकरण उभे राहिले. रशियाच्या ८०० मीटर धावपटू युलिया स्तेपानोवा आणि त्यांचे पती विताली यांनी डिसेंबर २०१४ मध्ये जर्मन दूरचित्रवाणीवर देशातील सरकारपुरस्कृत डोपिंगची माहिती दिली आणि त्यांना मायदेश सोडावा लागला. युलिया यांनी स्वतः पूर्वी बंदी भोगली होती. तेच कारण पुढे करून आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने त्यांना २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये धावू दिले नाही. पाहुण्या म्हणून या, असे निमंत्रण तेवढे दिले. त्याच ऑगस्टमध्ये त्यांचा ठावठिकाणा नोंदवलेले उत्तेजकविरोधी यंत्रणेतील खाते हॅक झाले.

हा प्रश्न आपल्याला परका नाही. जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या २०२३ च्या आकडेवारीत भारतातील ५,६०६ नमुन्यांपैकी २१३ दोषी आढळले. एवढ्या मोठ्या संख्येने चाचण्या करणाऱ्या देशांत हे प्रमाण सर्वाधिक होते. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये दिल्ली राज्य ॲथलेटिक्स स्पर्धेत तपासनीस आल्याचे कळताच १०० मीटरच्या अंतिम शर्यतीत एकच धावपटू उरला, आणि स्टेडियमच्या स्वच्छतागृहात वापरलेल्या सिरिंज पडल्याची चित्रफीत सर्वांनी पाहिली. त्या सिरिंज कोणी आणून दिल्या हे मैदानावरच्या कोणाला तरी नक्कीच माहीत असणार. परंतु ज्याची निवड, वसतिगृहातील जागा आणि पुढची सरकारी नोकरी त्याच प्रशिक्षकाच्या शब्दावर अवलंबून आहे, असा अठरा वर्षांचा मुलगा कोणाच्या भरवशावर बोलेल?

१ जानेवारी २०२१ पासून जागतिक उत्तेजकविरोधी संहितेत कलम २.११ आले आहे. प्रामाणिक हेतूने माहिती देणाऱ्याला धमकावणे किंवा त्याच्यावर सूड उगवणे हा त्यानुसार स्वतंत्र गुन्हा असून त्याला किमान दोन वर्षांपासून आजन्म बंदीपर्यंत शिक्षा आहे. सिमिओनी यांच्या वेळी हे कलम असते, तर पिवळ्या जर्सीतून कोणी तशी खूण करू धजावले नसते. मात्र हे कलम उत्तेजकविरोधी संस्था, पोलीस, चौकशी किंवा सुनावणी करणारी मंडळे अशा ठिकाणी दिलेल्या माहितीपुरते आहे. वृत्तपत्राला माहिती देणाऱ्याचा त्यात उल्लेख नाही. म्हणजे दैनिकात लिहिणारे बासाँ आणि पत्रकाराला सांगणाऱ्या ओ'रायली यांना आजही या कलमाचा भक्कम आधार मिळेलच असे नाही.

म्हणून आपल्याकडे माझ्या दोन विनंत्या आहेत. पहिली अशी की हे कलम आणि तक्रार कुठे, कशी करायची याची माहिती आपण क्रीडापानावर सोप्या मराठीत ठळकपणे छापावी, कारण तालुक्याच्या मैदानावर सराव करणाऱ्या मुलामुलींपर्यंत ती अन्य मार्गाने पोहोचण्याची शक्यता कमी आहे. दुसरी अशी की डोपिंगच्या बातमीचा पाठपुरावा करताना खेळाडूच्या नावावर न थांबता त्याचा प्रशिक्षक कोण, औषध कोणी लिहून दिले आणि कुठून आणले, हे आपल्या वार्ताहरांनी शोधावे; आणि त्यासाठी कोणी पुढे आले, तर त्याचे नाव गुप्त ठेवण्याची आणि पुढे दावा दाखल झाल्यास त्याच्या पाठीशी उभे राहण्याची हमी आपल्या वृत्तपत्राने जाहीरपणे द्यावी.

कळावे,
आपला नियमित वाचक,
पुणे