सत्काराची बातमी आली, कार्यशाळेची राहिली

प्रति,
मा. संपादक,
स. न. वि. वि.

सांगलीत गेल्या आठवड्यात मुंबईच्या चार वादकांचा जॅझचा कार्यक्रम झाला, त्याची बातमी आपल्या दैनिकात वाचली. दीपप्रज्वलन कोणी केले, शाल-श्रीफळ कोणाच्या हस्ते दिले, प्रास्ताविक कोणाचे आणि आभार कोणाचे, हे सगळे तीत आहे. वादकांनी काय वाजवले याला मात्र एकच ओळ: रसिक मंत्रमुग्ध झाले. छायाचित्राखाली डबल बासला (माणसाएवढ्या उंचीच्या त्या तंतुवाद्याला) चेलो म्हटले आहे, तेही सोडून देऊ. पण त्याच दिवशी सकाळी कलाकेंद्राच्या वरच्या मजल्यावर या चौघांनी विद्यार्थ्यांची कार्यशाळा घेतली, तिचा बातमीत उल्लेखच नाही. माझ्या मते खरी बातमी तीच होती. मी मिरजेत तबल्याचा वर्ग चालवतो आणि वर्गातली मुले घेऊन तिथे गेलो होतो, म्हणून हे पत्र.

संध्याकाळच्या मैफलीबद्दल थोडक्यात सांगतो. टेनर सॅक्सोफोन, पियानो, डबल बास आणि ड्रम. (पियानो म्हणजे कीबोर्डच, सभागृहात पियानो नाही आणि मुंबईहून तो कोण आणणार?) चौघेही तयारीचे. आधी सगळ्यांनी मिळून धून, मग तिच्याच चौकटीत एकेकाचा विस्तार, शेवटी पुन्हा धून, ही मांडणी बंदिश ऐकत आलेल्या माणसाला फार वेळ परकी राहत नाही. एकाचे वादन संपले की मध्येच टाळी द्यायची असते, हे उमगायला आम्हा श्रोत्यांना मध्यंतर उजाडले, इतकेच. ध्वनिव्यवस्था मात्र मिरवणुकीची होती. आपल्याकडे माईक म्हटले की हात आपोआप डॉल्बीकडे जातो. ड्रमवादक काठ्या ठेवून तारांच्या ब्रशने वाजवत होता. ते नाजूक काम बासच्या घुमाऱ्यात पार बुडाले. एवढ्या सभागृहात सॅक्सोफोनला आणि ड्रमला मुळात माईकची गरजच नव्हती.

आता कार्यशाळा. तीसेक मुले-मुली होती, निम्मी तबल्याची. ड्रमवादकाने फळ्यावर १२ चौकोन काढले आणि प्रत्येकात चार मात्रा मांडल्या. एक चौकोन म्हणजे एक बार, आणि हा बारा बारचा ब्लूज नावाचा साचा. जॅझ शिकायला बसलेला कोणीही सुरुवातीला यातूनच जातो. पुढच्या रांगेतल्या एका पोराने तिथल्या तिथे हिशेब केला: ४८ मात्रा, म्हणजे १६ मात्रांच्या तीनतालाची तीन आवर्तने! मग बासवादकाने वाजवून दाखवले तेव्हा तर गंमतच झाली. पहिले आवर्तन तो सा धरून चालला. दुसऱ्याच्या समेला (पहिल्या मात्रेला) मध्यमावर (म) गेला आणि खालीला (नवव्या मात्रेला) पुन्हा सा वर आला. तिसऱ्याच्या समेला पंचम, पाचव्या मात्रेला मध्यम आणि खालीला परत सा. आमच्या मुलांना सुरांचे पडदे ओळखायची सवय नाही, पण सम आणि खाली झोपेतही कळते. दहा मिनिटांत सगळी पोरे कुठे काय बदलते ते बोटावर मोजून सांगू लागली. टाळी मात्र जमेना. आपला हात पहिल्या मात्रेवर पडायला उत्सुक, आणि हे म्हणतात दुसरी आणि चौथी धरा. शिवाय मात्रेचे दोन भाग सारखे नाहीत, पहिला लांब आणि दुसरा आखूड. सहा मात्रांच्या दादऱ्याच्या वजनातली लग्गी (हलकी, जलद बोलरचना) ज्याच्या हातात होती त्यालाच तो झोल चटकन सापडला.

नंतर ड्रम आणि तबला यांची देवघेव. चार बार तुम्ही, चार बार मी. म्हणजे एकेक आवर्तन. सवाल-जवाबच म्हणा ना, असे वाटून मुले सरसावून बसली. पण तीन आवर्तनांचा फेरा दोघांत वाटायचा तर पहिल्या फेऱ्यात ज्याने सुरुवात केली, तो दुसऱ्या फेऱ्यात मधल्या आवर्तनावर येतो. तिथे सगळ्यांचा गोंधळ. त्यातून सावरल्यावर दुसरी गोष्ट दिसली. आमचा प्रत्येक विद्यार्थी प्रत्येक आवर्तनाच्या शेवटी तिहाई (एकच तुकडा तीनदा) घेऊन समेवर येत होता. चुकून नाही, शिस्तीने. ड्रमवादक हसून म्हणाला, पोहोचलात हे दर वेळी कशाला सांगता, मला कळतंय की! मग त्याने नियम घातला की तिहाई घ्यायची नाही आणि पाठ केलेला पलटा (त्याच बोलांची फिरवून केलेली मांडणी) वाजवायचा नाही, समोरच्याने आत्ता जे वाजवले त्यातला एक तुकडा उचलून पुढे न्यायचा. खोलीत एकदम शांतता. मध्यमा पूर्ण ही परीक्षा झालेली मुले हात मांडीवर ठेवून बसली. दोन-तीन फेऱ्यांनंतर एका मुलीने नुसता धा आणि रिकाम्या मात्रा टाकत एक आवर्तन काढले. तांत्रिकदृष्ट्या त्यात काही नव्हते, पण ते तिचे होते.

गायनाच्या मुलीचा प्रसंग मला फार आवडला. तिची पट्टी, म्हणजे तिचा सा, काळी पाच (पेटीवरची पाचवी काळी), म्हणजे यांचा बी फ्लॅट. टेनर सॅक्सोफोनला सोयीचाच. तिला सांगितले, तुला येणारा जवळचा राग गा. तिने धानी घेतला: सा, कोमल ग, म, प, कोमल नि. पियानोवादकाने खाली ब्लूज धरला आणि पहिल्याच आवर्तनात ती थबकली, कारण त्याच्या डाव्या हातात शुद्ध गंधार होता. एरवी वर्गात असा गंधार कोणी लावला तर गुरुजींच्या कपाळाला आठी पडते. इथे तिचा कोमल आणि त्याचा शुद्ध एकमेकांना घासतात, आणि त्या घासण्यातच ब्लूजची चव आहे. दुसऱ्या आवर्तनात बास मध्यमावर गेला, तेव्हा तिला सा हलल्यासारखा वाटला. मोबाईलवरचा तानपुरा बंद होता. डोळे मिटून तिने स्वतःच्या आत सा धरला आणि गात राहिली. किराणा घराण्याच्या अब्दुल करीम खाँ साहेबांच्या मिरजेतल्या मुलीने सूर असा धरून ठेवावा, याचा मला अभिमान वाटला. त्यासाठी तिला आधी थोडे घाबरवावे लागले हेही खरे.

मिरजेच्या सतारमेकर गल्लीतले दोन कारागीरही आले होते. त्यांनी गाण्याकडे फारसे लक्ष दिले नाही. मधल्या सुट्टीत त्यांनी डबल बास आडवा करायला लावला, त्याची घोडी पाहिली, आतला खुंट पाहिला, पोटावर टिचक्या मारल्या. आमच्या घोडीवर तार रुंद बसते म्हणून जवारी (तारेचा झणझणता नाद) निघते, यांची घोडी वर निमुळती, म्हणून सूर नुसता गोल येतो, अशी चर्चा बासवादकाशी पाऊण तास चालली. मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले तेव्हा आपल्या सगळ्यांना आनंद झाला. पण या कारागिरांना दुसऱ्या देशातल्या वाद्याच्या पोटात डोकावायची संधी कितीदा मिळते?

माझे म्हणणे एवढेच आहे की आपल्या मुलांना एकट्याने वाजवायला येते, एकत्र वाजवायला येत नाही. प्रारंभिकपासून विशारदपर्यंतच्या परीक्षांना मी नावे ठेवणार नाही. त्यांच्यामुळे हात घासला जातो आणि गावोगावी वर्ग टिकतात. पण दहावीला वाढीव गुण मिळतात म्हणून येणारी मुले कायदा (तबल्याची ठरीव बोलरचना), चार पलटे, तिहाई एवढे पाठ करतात आणि मोबाईलच्या लेहऱ्यावर (ताल दाखवत फिरत राहणाऱ्या धुनेवर) म्हणून दाखवतात. लेहरा कधी चुकत नाही, थांबत नाही, समोरच्याकडे बघून हसत नाही. त्याच्याशी वाजवून साथ कशी येणार? तबलावादक अहमदजान थिरकवा खाँ साहेब बालगंधर्वांच्या गंधर्व नाटक मंडळीत वाजवत होते. बालगंधर्व रंगात येऊन एखादी जागा पुन्हा घेत, तेव्हा पुढे काय येणार हे कोणत्या वहीत लिहिलेले होते?

हे आपले संगीत नाही, असे सभागृहातून बाहेर पडताना एक गृहस्थ म्हणाले. असेल. नाट्यसंगीताला साथ करणारा ऑर्गन तरी कुठला होता? आणि मुंबईच्या हॉटेलांत जॅझ वाजवणारे गोव्याचे वादक हिंदी चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणातही होते. ट्रंपेटवादक चिक चॉकलेट हे तर आपल्या संगीतकार सी. रामचंद्रांचे सहायक. म्हणजे ज्यांना हे संगीत परके वाटते, त्यांनीही ते लहानपणी रेडिओवर पुष्कळ ऐकलेले आहे.

एक गोष्ट खटकली. नोंदणी संगीत वर्गांमार्फतच होती. त्यामुळे जिल्ह्यात लग्नसराईत बँडमध्ये क्लॅरिनेट आणि सॅक्सोफोन फुंकणारी जी पोरे आहेत, त्यांच्यापर्यंत निरोप गेलाच नाही. एकच आला, तोही ओळखीने. आवाज मोठा, सूर थोडा चढा, आणि दर थोड्या वेळाने चित्रपटातल्या गाण्याकडे घसरत होता. पण नवरदेव घोड्यावर बसेपर्यंत धून लांबवायची आणि बसला की दोन मात्रांत संपवायची, हे रोजचे काम असल्याने तो सगळ्यांकडे बघत वाजवत होता. आमच्या मुलांनी ते त्याच्याकडून शिकावे आणि त्याने त्यांच्याकडून स्वर. डॉल्बीने बँडचा धंदा निम्म्यावर आणला आहे, तेव्हा या पोरांना दुसरीकडे वाजवायची वाट दिसली तर हवीच आहे.

कलाकेंद्राच्या व्यवस्थापनाला विनंती आहे की पुढचे पाहुणे बोलावण्याआधी महिन्यातून एक रविवार ती वरची खोली एकत्र वादनासाठी खुली ठेवावी. नोंदणी नको, प्रमाणपत्र नको, सत्कार तर नकोच. एक साधा ड्रमसेट आणि एक कीबोर्ड तिथे कायम असावा. मुंबईच्या वादकांना वर्षातून दोनदा बोलावले तरी पुरे, मधल्या महिन्यांत आम्ही स्थानिक शिक्षक आळीपाळीने बसू. १८४३ साल आणि नाट्यपंढरी सांगली हे शब्द आपल्या प्रत्येक प्रास्ताविकात येतात. विष्णुदास भाव्यांनी त्या साली सांगलीत जे मराठी नाटक केले तेही इथल्या लोकांसाठी नवेच होते, तेव्हा व्यवस्थापनाला याचे वावडे नसावे. खोली मिळेपर्यंत माझा मिरजेतला वर्ग रविवारी सकाळी रिकामा असतो. तबले चार जोड्या आहेत, बाकीच्यांनी आपापली वाद्ये आणावीत, आणि बँडवाल्यांनी लग्नाची तिथी नसेल तेव्हा जरूर यावे.

आपला,
एक तबलाशिक्षक, मिरज