‘शेंगा ओल्या की वाळलेल्या?’ असं आधी विचारणाऱ्या काकूंना

काकू, सप्रेम नमस्कार.

भुईमुगाच्या शेंगा उकडून मऊ झाल्या, मीठ दाण्यापर्यंत पोचलं. हे सगळं तुमच्या एका प्रश्नामुळे, म्हणून हे जाहीर आभार.

शेंगा उकडायच्या कशा, याचं बाकी सगळ्यांकडे तयार उत्तर होतं: चार शिट्ट्या आणि मीठ चवीनुसार. कच्च्या शेंगांच्या पातेल्यात चव कशी बघतात, ते त्यांनाच ठाऊक! तुम्ही मात्र काही सांगण्याआधी विचारलंत, “शेंगा ओल्या की वाळलेल्या?”

सगळं तिथेच तर ठरतं. ताज्या ओल्या शेंगांना कुकरच्या तीन-चार शिट्ट्या पुरतात, पातेल्यात पाऊण तास. वाळलेल्यांना तेवढ्याच दिल्या की टरफल मऊ पडतं आणि दाणा कचकचीत राहतो. वरून बघणाऱ्याला वाटतं, झाल्या. त्या आधी 10-12 तास भिजवायच्या, तेही वर ताटली दडपून, कारण तरंगणाऱ्या शेंगा अर्ध्या कोरड्याच राहतात. मग पहिल्या शिट्टीनंतर मंद आचेवर तासभर. शेंगा जुन्या असतील तर आणखी थोडा वेळ. कुकर निम्म्यापेक्षा जास्त भरायचा नाही, सुटलेली टरफलं शिट्टीच्या भोकात अडकतात. पातेल्यात करायच्या तर चार तास तरी धरायचे. दाणा दोन बोटांत सहज चिरडला की झालं. भाजलेल्या शेंगा मात्र कितीही उकडा, व्यर्थ.

मिठाचंही तुम्ही नेमकं सांगितलंत: लिटरभर पाण्याला 40 ग्रॅम. पाणी आटलं तर वरून साधं गरम पाणी, मीठ नाही. मीठ कुठे आटतं? आणि गॅस बंद केल्यावर शेंगा लगेच उपसायच्या नाहीत. हे तर कुणीच बोललं नव्हतं. निवताना शेंगेतली वाफ जिरते आणि खारं पाणी आत ओढलं जातं, म्हणजे मीठ खरं मुरतं ते आच बंद झाल्यावर. दर अर्ध्या तासाने एक फोडून चाखायची, जमलं की निथळायच्या. खारट झाल्याच तर थोडा वेळ साध्या गरम पाण्यात.

हे सगळं सांगताना “एवढंही येत नाही?” असा सूर एकदाही नव्हता. कृती सांगणारे ढीगभर असतात, समोरच्याच्या टोपलीत काय आहे ते आधी बघणारे थोडे. अशा माणसांच्या जिवावरच स्वयंपाकघरं चालतात, असं माझं तरी मत झालंय.

बुरशी आलेल्या, काळ्या पडलेल्या शेंगा भिजवण्याआधीच काढून टाकल्या. उकडून त्यांतलं विष जात नाही, हेही तुम्हीच बजावलं होतंत. उरलेल्या निथळून फ्रिजमध्ये ठेवल्या आहेत, तीन-चार दिवसांत संपवायच्या. हाताला चिकट लागल्या तर टाकून देईन, काळजी नसावी.

तुमची ऋणी