खापर कोबीच्या माथी कशाला?

माननीय संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

पावसाळा सुरू झाला की कोबी आणि फ्लॉवरविषयीचा तो जुनाच संदेश सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप गटांवर पुन्हा फिरू लागतो. कोबीच्या पानांत एक किडा असतो, तो शिजवूनही मरत नाही, पोटातून थेट मेंदूत जातो आणि माणसाला फिट येऊ लागते, असा त्याचा आशय. यंदा सोबत हिरव्या अळीची चित्रफीतही होती आणि ती पाहून आमच्या इमारतीतील काही घरांनी कोबी आणणेच बंद केले. नोकरीचा सगळा काळ रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत गेल्यामुळे याविषयी लिहिल्यावाचून राहवत नाही, कारण या संदेशातला आजार खरा आहे आणि गंभीरही आहे. खोटे आहे ते त्याचे सांगितलेले कारण.

न्यूरोसिस्टिसर्कोसिस नावाच्या या आजाराच्या मुळाशी असतो तो टीनिया सोलियम हा पट्टकृमी, म्हणजे आपल्या रोजच्या बोलण्यातला टेपवर्म. बाधित डुकराचे मांस अर्धेकच्चे खाल्ले तर त्यातील अळी माणसाच्या आतड्यात रुजते आणि दोनेक महिन्यांत तिचा काही मीटर लांबीचा कृमी होतो. त्या माणसाला बहुधा फारसा त्रास होत नाही, मात्र त्याच्या शौचावाटे हजारो अंडी बाहेर पडत राहतात. ही अंडी न धुतलेल्या हातांवाटे किंवा अन्नपाण्यातून ज्याच्या पोटात जातील, मग तो कांदा-लसूणही न खाणारा का असेना, त्याच्या शरीरात अंड्यांतून निघालेल्या अळ्या आतड्याची भिंत भेदून रक्तावाटे स्नायूंत, डोळ्यांत आणि मेंदूत जाऊन बसतात. थोडक्यात, मांसातून होतो तो पोटातला जंत. मेंदूतली गाठ होते ती माणसाच्याच विष्ठेतील अंड्यांमुळे. आपल्या ख्रिस्ती शेजाऱ्यांच्या घरचे सोरपोतेल, म्हणजे डुकराच्या मांसाचे कालवण, आधी उकडून, मग तळून आणि पुन्हा मसाल्यात शिजवून केलेले असते, त्यामुळे त्या पातेल्याकडे संशयाने पाहण्याचेही कारण नाही.

न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातील सनातनी ज्यू कुटुंबांत, जिथे डुकराचे मांस निषिद्धच असते, १९९० च्या दशकाच्या आरंभी या आजाराचे रुग्ण सापडले. शोध घेता या घरांत कामाला असलेल्या आणि लॅटिन अमेरिकेतून आलेल्या व्यक्तींपैकी एकीच्या पोटात टेपवर्म आढळला. यावरून कोणी आपल्या घरच्या स्वयंपाकाच्या मावशींकडे बोट दाखवू नये. त्या राहतात त्या वस्तीतील शौचालयाला पाणी असते का, आणि जंताची तपासणी व औषध त्यांना सहज मिळते का, हे आधी विचारावे. शिवाय घरातलाच कोणी बाधित असेल तर सर्वांत मोठा धोका त्याच्या घरच्यांना, आणि खुद्द त्यालाही असतो.

ही अंडी डोळ्यांना दिसत नाहीत. आमच्याकडे पूर्वी लोक शौचाचा नमुना आगपेटीत नाहीतर मलमाच्या रिकाम्या डबीत, वर्तमानपत्रात गुंडाळून, ओशाळल्यासारखे टेबलावर ठेवून जात. काचपट्टीवर त्याचा कण घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले की टेपवर्मचे अंडे असल्यास गोल, तपकिरी, जाड कवचाचे आणि कवचावर चाकाच्या आऱ्यांसारख्या बारीक रेषा असलेले दिसे. एकाच नमुन्यात ते सापडेलच असे नसते, म्हणून डॉक्टर दोन-तीन वेळा नमुना मागवतात. त्याचा कंटाळा करू नये. कोबीतली हिरवी अळी मात्र पतंगाची असते. ती किळसवाणी असेल, पण तिचा फिटशी काडीचाही संबंध नाही.

मग भाजी अगदी निर्दोष आहे का? तसेही नाही. रुळांलगत नाल्याच्या पाण्यावर वाढलेली पालेभाजी मुंबईकरांनी लोकलच्या खिडकीतून पाहिलेली आहे, आणि मैलामिश्रित पाणी जिथे पोहोचते तिथल्या कोणत्याही भाजीवर, मग ती पालक असो, कोथिंबीर असो वा गाजर, अंडी चिकटू शकतात. नीट शिजवलेल्या भाजीचा धोका राहत नाही. प्रश्न आहे तो कच्च्या खाण्याचा : सँडविचमधली काकडी, चायनीज भेळेवर भुरभुरलेला कच्चा कोबी, पावभाजीवरची कोथिंबीर. मिठाच्या पाण्यात भाजी बुडवल्याने अळ्या तेवढ्या बाहेर येतील. अंड्यांसाठी पान न् पान सुटे करून वाहत्या पाण्याखाली चोळून धुणे हाच त्यातल्या त्यात भरवशाचा मार्ग आहे.

लोक भाजीवर घसरतात त्यामागे आणखी एक कारण असावे. अंडी पोटात गेल्यापासून फिट येईपर्यंत अनेकदा वर्षे लोटतात. १९६१ साली ब्रिटनमध्ये प्रसिद्ध झालेल्या ४५० रुग्णांच्या अभ्यासात बहुतेक जण हिंदुस्थानात राहून गेलेले सैनिक होते, आणि त्यांच्यापैकी कित्येकांना त्रास सुरू झाला तो मायदेशी परतून काही वर्षे उलटल्यावर. इतक्या मागचे कोणाला आठवणार? त्यापेक्षा परवा खाल्लेला कोबी आठवणे सोपे.

फिट आली तर कांदा वा चप्पल हुंगवण्यात वेळ न घालवता रुग्णाला कुशीवर वळवावे, तोंडात काहीही घालू नये, आणि झटके पाच मिनिटांहून अधिक चालले तर तडक रुग्णालय गाठावे. पुढे सीटी स्कॅन किंवा एमआरआयमध्ये गाठ दिसली तरी हबकून जाऊ नये. योग्य उपचारांनी पुष्कळ रुग्ण बरे होतात. परंतु दुकानातून जंताची गोळी आणून आपल्या मनाने घेऊ नये, कारण मेंदूतील अळ्या मरताना सूज येते आणि ती आवरण्यासाठी डॉक्टर सोबत स्टिरॉइड देतात. शाळेत राष्ट्रीय जंतनाशक दिनी मिळणारी गोळी आतड्यातील जंतांसाठी असते, ती मुलांना जरूर द्यावी. फक्त मुलाला फिट येत असेल तर आधी डॉक्टरांना विचारावे. आणि मुलीला फिट येते ही गोष्ट स्थळे बघताना लपवणाऱ्या घरांना सांगावेसे वाटते की, हिंदू विवाह कायद्यातूनही वधूवरांना अपस्मार, म्हणजे फिटचा आजार, नसावा ही अट १९९९ मध्ये काढून टाकलेली आहे.

सार्वजनिक पातळीवर दोन मागण्या आहेत. अन्नपदार्थ हाताळणाऱ्यांची वर्षातून एकदा वैद्यकीय तपासणी व्हावी, असा अन्नसुरक्षेचा नियम आहे. कँटीन, खानावळी आणि लग्नसमारंभातील आचारी यांच्या बाबतीत या तपासणीत शौचाची तपासणी सक्तीची करावी आणि जंत आढळल्यास कामावरून न काढता मोफत औषध द्यावे. दुसरी मागणी शौचालयांची. पैसे घेणाऱ्या कित्येक शौचालयांत गल्ल्यापाशी माणूस बसलेला असतो, बेसिनही असते, पण नळाला पाणी आणि वर साबणाची वडी दिसणे नशिबाचाच भाग. ज्या शौचालयात हात धुण्याची सोय चालू नसेल तिथल्या कंत्राटदाराचे बिल महापालिकेने रोखून धरावे, एवढीच विनंती आपल्या पत्राद्वारे करीत आहे.

आपला विश्वासू,
एक निवृत्त प्रयोगशाळा तंत्रज्ञ
परळ, मुंबई