कौतुक झालं, वाट्याचं काय?

संपादक साहेब, रविवारच्या पुरवणीत वर्षावनातल्या आदिवासींच्या औषधी ज्ञानावरचा लेख वाचला, आवडला, पण त्यात कौतुक भरपूर आणि त्या ज्ञानातून येणाऱ्या पैशाबद्दल एक ओळ नाही, हे खटकलं.

केरळच्या अगस्त्यमलाई डोंगरातल्या कानी लोकांचंच बघा ना. 1987 मध्ये शास्त्रज्ञांची टीम जंगलात फिरत होती, ते सगळे दमलेले आणि सोबतचे कानी वाटाडे मात्र कसली तरी छोटी फळं खात ताजेतवाने. आधी सांगेनात, खूप विचारल्यावर त्यांनी आरोग्यपच्चा ही वनस्पती दाखवली. त्यावरून 'जीवनी' औषध निघालं, 1995 मध्ये कंपनीला लायसन्स देताना फी आणि रॉयल्टीतला निम्मा वाटा कानींना द्यायचं ठरलं, जगभर नाव झालं. पण लागवडीला वनखात्याचीच हरकत आली, म्हणजे झाड त्यांना ठाऊक, जंगल मात्र सरकारचं!

वाट्याची तरतूद 2002 च्या जैवविविधता कायद्यात आहे, 2023 च्या दुरुस्तीत ग्रंथांत नोंदलेलं ज्ञान वापरणाऱ्यांना त्यातून सूट मिळाली. मग तोंडी ज्ञान लिहून घेताना सांगणाऱ्याचं नाव आणि संमती आधी घेतलीच पाहिजे.

आपल्या सोलापुरात वर्षावन कुठलं, ऊन आणि माळ. पण याच कायद्याने लोक जैवविविधता नोंदवही, म्हणजे गावातल्या वनस्पती-प्राण्यांची आणि त्यांच्याबद्दलच्या ज्ञानाची नोंद, इथेही करायची असते, ती भरताना नान्नजकडच्या माळावर मेंढरं चारणाऱ्या धनगरांना कुणी विचारलं का, हे तुमच्या वार्ताहराने एकदा जाऊन बघावं.

– एक वाचक, सोलापूर