गड्ड्याच्या आधी एक पॅच

ड्रेस्डेन, रविवार

प्रिय पप्या,

तुझा लांबलचक व्हॉइस मेसेज ऐकला. त्याला मेसेजनं उत्तर देत बसलो असतो तर अर्धं राहिलं असतं, म्हणून सरळ लिहायलाच बसलो. आईबाबांना वरचं आणि पैशांचं तेवढं वाचून दाखव, मधलं ऐकताना बाबा झोपतील. इकडे आता चार-साडेचारलाच अंधार पडतो, थंडी आहे पण हीटर चालू असतो, वर आपली चादर आहेच, त्यामुळे आईला म्हणावं काळजी करू नको. शेंगा चटणी मात्र संपली.

आता तुझं. ऑपरेटिंग सिस्टीममध्ये (ओएसमध्ये) कोड लिहून कंट्रिब्यूट करायचंय पण आधी सी प्लस प्लस पूर्ण करतो, मग ओएसचं पुस्तक संपवतो, मग लिनक्सचा गाभा म्हणजे कर्नल बघतो, असं म्हणालास. पूर्ण वगैरे काही होत नसतं बे. तू असाच आधी-मग करत राहिलास तर डिग्री हातात येईल आणि पॅच, म्हणजे कोडमधला पाठवलेला बदल, एकही नसेल. लिनक्स 1991 साली सुरू झालं तेव्हा ते लिहिणारा लिनस टॉरवाल्ड्स पण हेलसिंकीत शिकतच होता की.

पण सुरुवातीला लिनक्स कर्नल नको असं माझं मत. वाईट म्हणून नाही, पण तिथं तू एखाद्या ड्रायव्हरमधली ओळ बदलणार, ती साध्या टेक्स्ट ईमेलनं बरोबर तो भाग सांभाळणाऱ्या मेंटेनरला पाठवणार, आणि स्क्रीनवर बदललेलं काहीच दिसणार नाही, मग आठवड्यात कंटाळशील. तू हायकू घे. नव्वदच्या दशकात बीओएस नावाची एक ओएस होती, बी नावाच्या कंपनीची, कंपनी चालली नाही आणि 2001 ला पाम या कंपनीनं तिची मालमत्ता विकत घेतली. ज्यांना ती ओएस आवडायची त्यांनी त्याच वर्षी ती पुन्हा पहिल्यापासून लिहायला घेतली, आधी नाव ओपनबीओएस होतं, 2004 पासून हायकू. टास्कबार आणि फाईल मॅनेजर सोडला (ते कंपनीनंच ओपन सोर्स केले होते) तर जवळजवळ सगळं नव्यानं लिहिलंय, आणि तरी 32 बिट व्हर्जनवर बीओएसची जुनी सॉफ्टवेअर अजून चालतात, मला हे भारी वाटतं. अजून बीटाच, म्हणजे चाचणीची आवृत्ती आहे, पाचवा बीटा सप्टेंबर 2024 मध्ये आला.

तुझ्यासारख्याला फायदा काय, तर कर्नल, खिडक्या, टर्मिनल, सेटिंग सगळं एकाच सोर्समध्ये आहे. सकाळी बटण बदललं, दुपारी ते दिसतं. आणि ओएस हलकी आहे, माळ्यावरचा माझा जुना लॅपटॉप काढलास तरी चालेल.

बिल्ड, म्हणजे कोडवरनं ओएस तयार करणं, मात्र त्यावर करू नको, म्हातारा होशील. तुझ्या लॅपटॉपवर उबंटू आहेच, त्यात दोन रिपॉझिटरी घ्यायच्या, एक हायकू आणि एक बिल्डटूल्स, आधी त्यातनं कंपायलर तयार होतो, मग जॅम नावाची कमांड द्यायची की पूर्ण ओएसची इमेज तयार होते, ती क्यूईएमयू नावाच्या आभासी कॉम्प्युटरमध्ये बूट करायची. डिस्कवर वीस-पंचवीस जीबी मोकळी ठेव. पहिल्यांदा खूप वेळ लागतो, रात्री लावून झोप, आणि आपल्याकडं लाईट जाते ते लक्षात ठेवून बॅटरी आधी फुल कर. दुसऱ्यांदा फक्त बदललेलं तेवढंच कंपाईल होतं.

मग तिकिटं, म्हणजे बगच्या नोंदी. त्यांची यादी ट्रॅक नावाच्या साइटवर असते, त्यात नवीन पोरांसाठी सोपी म्हणून खूण केलेली तिकिटं वेगळी काढता येतात. माझं पहिलं असलंच होतं, सेटिंगच्या एका खिडकीत फॉन्ट मोठा केला की बटणावरची अक्षरं कापली जायची, जर्मन भाषा लावली तर अजूनच, कारण यांचे शब्द मालगाडीएवढे. एवढ्या लाखो ओळींमध्ये ते बटण शोधायचं कसं? स्क्रीनवर जी इंग्लिश अक्षरं दिसतात ती जशीच्या तशी गिट ग्रेप या शोधायच्या कमांडला द्यायची, ती बी ट्रान्सलेट नावाच्या मॅक्रोमध्ये गुंडाळलेली सापडतात, आणि दोन ओळी खाली दिसतं की कुणीतरी कधीकाळी बटणाची रुंदी पिक्सेलमध्ये ठोकून दिलीय. ती फॉन्टवरनं काढायची, मजकूर मोजायचं फंक्शन असतंच. झालं. बदल चार ओळींचा, पण तो करेपर्यंत खिडकी कशी बनते, लेआउट कोण ठरवतं, भाषांतर कुठून येतं हे सगळं पाहून झालं. कुठलंही पुस्तक वाचून मला ते कळलं नसतं.

खरं शिक्षण त्याच्या पुढं आहे, रिव्ह्यूमध्ये. पॅच गेरिट नावाच्या रिव्ह्यूच्या साइटवर टाकायचा, लोक एकेक ओळीखाली लिहितात. दोन फंक्शनच्या मध्ये दोन रिकाम्या ओळी पाहिजेत, रिटर्न टाईप वेगळ्या ओळीवर, इथं स्पेस नको टॅब पाहिजे. एवढ्याशा गोष्टींसाठी काय डोकं खातायत असं वाटतं, पण वीसेक वर्षं शेकडो लोकांनी लिहिलेला कोड एका हातचा वाटतो तो त्यामुळेच. दुसरं म्हणजे कमिट मेसेज, म्हणजे बदलासोबतची टीप. काय बदललं ते कोड सांगतोच, तू का बदललं ते लिही. सुधारणा केली की नवीन कमिट नाही टाकायचा, तोच अमेंड (दुरुस्त) करून परत पुश करायचा, खालची चेंज आयडीची ओळ पुसायची नाही, नाहीतर गेरिटला तो वेगळाच पॅच वाटतो.

आणि रिव्ह्यू करणाऱ्यांचा टोन कोरडा असतो. "हे चुकीचं आहे, असं का केलं?" आपल्या नवी पेठेत कुणी असं बोललं तर भांडण लागेल. इथं तो फक्त प्रश्न असतो, उत्तर द्यायचं आणि पुढं जायचं. उत्तर यायला कधी कधी आठवडा पण जातो, बहुतेक लोक नोकरी सांभाळून फुकट काम करतात, म्हणून रोज रोज विचारून पिडू नको. म्हणूनच सांगतो, चॅटबॉटकडनं पॅच लिहून घेऊ नको. 'का' विचारलं की तुझी बोबडी वळेल.

आता बाबांचा प्रश्न, पैसे मिळतात का. पॅचचे नाही मिळत. पण गूगल समर ऑफ कोड म्हणून आहे, 2005 पासून, त्यात उन्हाळ्यात ठरलेलं प्रोजेक्ट पूर्ण केलं की गूगल स्टायपेंड देतं, रक्कम देशाप्रमाणं बदलते. वय 18 पाहिजे. हायकू त्यात 2007 पासून बऱ्याच वर्षी होतं, पुढच्या वर्षी निवडलं जातंय का ते फेब्रुवारीत कळेल, अर्ज मार्चमध्ये. हायकूवाले अर्ज करणाऱ्याचा कोड आधी बघतात, मोठी स्वप्नं लिहिलेला अर्ज पण पॅच शून्य, असल्यांची गर्दी असते. म्हणून जानेवारीतल्या गड्ड्याच्या यात्रेआधी तुझा एक तरी पॅच आत गेला पाहिजे. स्टायपेंडच्या आशेवरच सुरू करणार असशील तर नको करू, मजा येत नसेल तर हे काम टिकत नाही.

इमेज बूट झाली की फोटो पाठव, तिकीट निवडलंस की नंबर. पॅच मला आधी दाखवू नको, सरळ गेरिटवर टाक, मी तिथंच बघेन आणि बाकीच्यांसारखाच कोरडा बोलेन.

बाबांना नमस्कार. आईला सांग, समोरच्या काकूंचा मुलगा डिसेंबरात इकडे येतोय, त्याच्याजवळ चटणी आणि कडक भाकरी दे, पण डबल पॅकिंग करून.

तुझा,
दादा