फिरतीवरच्या माणसांना लिहू द्या

प्रति,
मा. सांस्कृतिक कार्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

सप्रेम नमस्कार.

कोकण किनाऱ्यावर पर्यटक यावेत म्हणून सरकार बरेच काही छापते. त्यातले कोणतेही माहितीपत्रक उचला, निळाशार समुद्र, रुपेरी वाळू आणि नारळी-पोफळीच्या बागा हे त्रिकूट हजर असतेच. गावाचे नाव झाकले तर हे गुहागर की भोगवे, ओळखून दाखवावे! लिहिणाऱ्याने समुद्र पाहिला असेलही, पण भरती-ओहोटीची वेळ कोणाला विचारलेली दिसत नाही.

याच किनाऱ्यावर एकेकाळी उत्तम लिहिले गेले आणि गंमत म्हणजे लिहिणाऱ्यांपैकी बरेच जण सरकारी पगारावर होते. म्हणून हे पत्र पर्यटनमंत्र्यांऐवजी आपल्याला.

एडवर्ड हॅमिल्टन एटकेन हे नाव आपल्या कानावर असेल. मिशनऱ्याचा मुलगा, जन्म 1851 चा, साताऱ्याचा. 1876 मध्ये तो मुंबई सरकारच्या कस्टम्स आणि मीठ खात्यात चिकटला. पुढे उरण, रत्नागिरी, कारवारचा मुलूख, गोव्याची सरहद्द अशा बदल्या झाल्या. मीठ खात्याची नोकरी म्हणजे फिरती आलीच. या गृहस्थाने त्या फिरतीत मुंग्या, पक्षी, फुलपाखरे पाहिली आणि ‘ईएचए’ या सहीने त्यांच्यावर असे लिहिले, की आजही वाचताना हसू येते. 1883 मध्ये मुंबईत नॅचरल हिस्टरी सोसायटी निघाली, तिच्या संस्थापकांत तो होता. बंगल्यातल्या देशी नोकरांवरचे त्याचे विनोद मात्र आज खटकतात, आणि खटकावेतच. साहेब तो साहेबच. पण नजर तयार होती.

दुसरे व्हिडाल. मुलकी सेवेतले अधिकारी. दक्षिण कोकणातल्या पक्ष्यांची पहिली यादी त्यांनी केली आणि 1890 मध्ये सोसायटीच्या नियतकालिकात फुरसे या विषारी सापावर लेख लिहिला. आमच्याकडे कातळावरचा दगड उलटायचा तर आधी काठीने हलवून पाहतात, ते या वीतभर जनावरामुळेच. सरकार तेव्हा फुरसे मारणाऱ्याला बक्षीस देई, आणि त्या लोभाने हजारोंनी फुरशी मारली गेली. त्याच सरकारचा एक अधिकारी हा साप राहतो कसा, चावतो कसा, हे बारकाईने लिहून ठेवत होता.

कारवार आता आपल्या राज्यात नाही, पण तिथले एक उदाहरण दिल्यावाचून राहवत नाही. रवींद्रनाथ ठाकूर 1883 मध्ये तिथे राहिले, ते थोरले बंधू सत्येंद्रनाथ जिल्हा न्यायाधीश होते म्हणून. म्हणजे बंधूंच्या सरकारी बिऱ्हाडी. तेवढ्या मुक्कामावर कारवारकरांनी किनाऱ्याला त्यांचे नाव दिले. काका कालेलकरही साताऱ्यातच जन्मलेले. वडिलांच्या सरकारी नोकरीमुळे लहानपणी कारवारचा समुद्र त्यांना मिळाला. पुढे ते गुजरातीत लिहून मोठे झाले, गांधीजींनी त्यांना ‘सवाई गुजराती’ म्हटले, ते वेगळे.

आज किनाऱ्यावर फिरतीवर कोण असते? मत्स्यव्यवसाय खात्याचे परवाना अधिकारी, कांदळवन कक्षाचे वनरक्षक, बंदर निरीक्षक, तलाठी. यांच्या फिरतीच्या दैनंदिन्या लिहिल्या जातात त्या प्रवासभत्त्यासाठी. बिल मंजूर झाले की त्या दप्तरात बांधल्या जातात, पुढे वाळवीच्या तोंडी जातात.

आणि त्यांच्या डोळ्यांसमोर काय काय संपत चालले आहे! रापणीचेच, म्हणजे काठावरून ओढायच्या जाळ्याचेच घ्या. होडी जाळे सोडत समुद्रात अर्धा वळसा घेऊन परत काठाला लागते. मग दोन्ही टोकांचे दोर धरून गावातली माणसे ओढत राहतात, पायाखालची वाळू सरकते, दोराने तळवे सोलतात. मधली पिशवी काठाशी येईपर्यंत आत तारली आहे, बांगडा आहे की नुसता केरकचरा, हे कोणालाच ठाऊक नसते. नंतर वाटे पडतात. पर्ससीनवर, म्हणजे माशांचा थवा घेरून पकडणाऱ्या मोठ्या जाळ्यांवर, 2016 मध्ये निर्बंध आले, एलईडीच्या झगझगाटातल्या मासेमारीवर बंदीही आली, तरी रापणकारांची तक्रार थांबलेली नाही. भांगाच्या, म्हणजे लहान भरतीच्या दिवसांत गाबीत आणि दालदी मच्छीमार काय करतात, जमिनीकडून समुद्राकडे वाहणारा मतलई वारा सुटला की होड्या कधी निघतात, हे ज्यांच्या तोंडी आहे ती माणसे म्हातारी झाली.

आपल्या अखत्यारीत दर्शनिका (गॅझेटिअर) विभाग आहे. रत्नागिरी-सावंतवाडीचे गॅझेटिअर 1880 चे, रत्नागिरीची सुधारित आवृत्ती 1962 ची, आणि सिंधुदुर्ग वेगळा झाला 1981 मध्ये. या विभागाने किनाऱ्यावरच्या कर्मचाऱ्यांकडून लिहून घ्यावे. 1979 च्या वर्तणूक नियमांत साहित्यिक आणि शास्त्रीय लेखनाला जागा आहे, पण नोकरदाराला ते कोणी सांगत नाही. तो बिचारा व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो टाकतानाही साहेबांना विचारतो. लेखनासाठी चार दिवसांची कर्तव्यरजा द्या, एक चांगला संपादक नेमा आणि पुस्तक मराठीत काढा. किंमत अशी ठेवा की हायस्कूलच्या वाचनालयाला झेपेल. सोबत एटकेन आणि व्हिडाल यांचे निवडक लेखन मराठीत आले तर नव्यांना कळेल की नोकरी सांभाळूनही असे लिहिता येते. समिती मात्र नेमू नका, ही विनंती.

सुरुवात हर्णैपासून करावी. समोर सुवर्णदुर्ग आहे. जुलै 2025 मध्ये तो जागतिक वारशात गेला, त्यामुळे त्याच्यावर लिहायला पुष्कळ जण सरसावतील. बंदरावर मासळीचा लिलाव वर्षानुवर्षे चालत आला आहे. कोणत्या महिन्यात कोणती मासळी किती उतरते, भाव कोण फोडते, पाटी उचलायला कोण येते, हे खात्याच्या माणसाइतके जवळून कोण पाहतो? त्याच्या टेबलावर एक कोरी वही पाठवा, आणि ती तपासायला कोणी येणार नाही असे लेखी कळवा.

आपला,
रत्नागिरीकडचा एक वाचक