व्हिक्टोरियाला जायचं म्हणतेय, तुम्ही हो म्हणा

प्रिय आई-बाबा,

काल फोनवर मी विषय काढला आणि बाबा, तुम्ही लगेच म्हणालात की तुझ्याकडे येतोय तेवढं पुरे, वर आणखी कुठे फिरवू नकोस, आणि आई तू तर पाण्यावर उतरणारं विमान एवढं ऐकूनच गप्प झालीस. म्हणून सगळं नीट लिहून पाठवतेय, दोघांनी सावकाश वाचा आणि मग ठरवा.

तर जूनमध्ये तुम्ही इथे कॅनडात, व्हँकुव्हरला असाल तेव्हा आपण तिघांनी दोन रात्रींसाठी व्हिक्टोरियाला जायचं. ते शहर व्हँकुव्हर बेटाच्या दक्षिण टोकाला आहे, आणि नाव सारखं असलं तरी व्हँकुव्हर शहर त्या बेटावर नाही, मधे समुद्र आहे, म्हणजे जायला एकतर फेरी बोट नाहीतर विमान. फेरी त्सावासेनच्या धक्क्यावरून सुटते, दीड तासाच्या थोडं वर लागतं, पण आधी धक्क्यापर्यंत जा, तिथे थांबा, उतरल्यावर पुन्हा तीसेक किलोमीटर गाडीने शहरात, म्हणजे अर्धा दिवस त्यातच जातो. सीप्लेन मात्र व्हँकुव्हरच्या कोल हार्बरमधून उडतं आणि साधारण ३५ मिनिटांत व्हिक्टोरियाच्या इनर हार्बरमध्ये, अगदी शहराच्या मधोमध उतरतं, आणि मी हॉटेल बघतेय ते तिथून जवळच. माझं मत असं की जाताना विमान आणि येताना फेरी, कारण येताना घाई नसते आणि फेरी अ‍ॅक्टिव्ह पास नावाच्या चिंचोळ्या खाडीतून दोन बेटांच्या मधून जाते ते डेकवर उभं राहून बघण्यासारखं आहे. शिवाय फेरीत लिफ्ट आहे, टॉयलेट आहे, आईला पाय मोकळे करता येतील.

आता आई, तुझ्या भीतीबद्दल. या विमानाला खाली चाकांऐवजी दोन लांब पोकळ फ्लोट असतात, होडीसारखे, आणि ते आतून कप्प्याकप्प्यांचे असतात म्हणजे एका कप्प्यात पाणी शिरलं तरी बाकीचे तरंगत राहतात. दिवसाउजेडीच उडवतात, पायलटला समोर नीट दिसत असेल तरच, धुकं असलं की सरळ फ्लाइट रद्द. म्हणून मी सकाळी पहिली फ्लाइट न घेता अकरा-बाराची बघतेय. बसल्यावर कमरेला एक छोटं पाकीट बांधायला देतात, त्यात लाईफ जॅकेट असतं, आणि त्याची एकच गोष्ट लक्षात ठेवायची की ते विमानाच्या आत फुगवायचं नाही, बाहेर आल्यावरच, कारण आत फुगवलं तर दारातून निघताच येत नाही. हे घाबरवायला नाही सांगत, आधीच माहीत असलं की तिथे सूचना ऐकताना तुझं मन स्थिर राहील. आवाज मात्र बराच होतो, त्यासाठी कानात घालायचे बोळे मी आणेन. उंच फारसं जात नाही त्यामुळे मोठ्या विमानात तुझे कान दुखतात तसं इथे होणार नाही असं मला वाटतंय, आणि बहुतेक सगळ्या सीट खिडकीच्याच. खाली गल्फ आयलंड्सची छोटी छोटी हिरवी बेटं दिसतात.

बाबा, तुमच्यासाठी एक गोष्ट, मला वाचून फार आवडली. आपल्याला वाटतं पाणी जितकं शांत तितकं उतरायला सोपं, पण आरशासारखं पाणी असलं तर पायलटला आपण पाण्यापासून किती वर आहोत तेच कळत नाही, थोड्या लाटा असल्या की अंदाज येतो. उतरताना तुम्ही हे बघा.

खरी काळजी मला विमानाची नाहीच आहे, आईच्या गुडघ्याची आहे. धक्का तरंगता असतो, म्हणजे पाण्याबरोबर वर-खाली होतो, आणि त्यावर जायचा उतार भरतीला सपाट असतो पण ओहोटीला चांगलाच तीव्र होतो. व्हँकुव्हरला भरती-ओहोटीत पाण्याची पातळी चार मीटरच्या वरही बदलू शकते. इथे सरकार भरती-ओहोटीचं वेळापत्रक आधीच देतं, मी त्या दिवसाचं बघूनच फ्लाइटची वेळ धरणार, भरतीच्या आसपासची, धुकं टाळणं आणि भरती गाठणं दोन्ही जमलं तर उत्तमच. विमानात चढायला मात्र दोन-तीन उभ्या पायऱ्या आहेतच, तिथे हात द्यायला माणूस असतो. आई, गुडघा किती वाकतो हे खरं सांग, मला वाईट वाटेल म्हणून "ठीक आहे गं" म्हणू नकोस. नसेल जमत तर दोन्हीकडे फेरीनेच जाऊ, मला काहीच वाटणार नाही, विमान महत्त्वाचं नाहीये.

पोचल्यावर मी पळापळ अजिबात ठेवलेली नाही. पहिला दिवस फक्त बंदराच्या काठाने. तिथे कठड्याशी बाकं आहेत, समोर पार्लमेंटची इमारत, म्हणजे इथल्या प्रांताची विधानसभा, ती फ्रान्सिस रॅटनबरी या आर्किटेक्टने बांधली, डिझाइनची स्पर्धा जिंकला तेव्हा जेमतेम पंचविशीचा होता, आणि १८९८ मध्ये ती सुरू झाली. बाजूचं एम्प्रेस हॉटेलही त्याचंच, १९०८ चं, आणि बाबा, ते उभं आहे ती जागा आधी खाडीचा चिखल होती, भिंत घालून भराव टाकून त्यावर एवढी इमारत चढवली. तुमची अख्खी नोकरी बांधकामात गेली, तुम्ही तिथे तासभर तरी उभे राहणार हे मी धरूनच चाललेय. रात्री पार्लमेंटवर तीन हजारांच्या वर दिवे लागतात पण जूनमध्ये तिथे सूर्यच नऊनंतर मावळतो, तेव्हा आई दुपारी झोप काढ म्हणजे जागता येईल.

दुसरा दिवस बुचार्ट गार्डन्स. हा सगळा खटाटोप खरं म्हणजे त्यासाठीच आहे. रॉबर्ट बुचार्ट यांचा सिमेंटचा कारखाना होता, त्यासाठी चुनखडी काढून काढून एक भलामोठा खड्डा उरला, आणि त्यांच्या बायकोने, जेनीने, तो तसाच सोडून न देता माती आणून आणून त्यात बाग केली. सनकन गार्डन म्हणतात त्याला. आज सगळी मिळून ५५ एकर बाग आहे आणि जुन्या सिमेंट भट्टीची चिमणी अजून झाडांमधून डोकावते. आईला फुलं आणि बाबांना सिमेंट, दोघांचं एका जागी असं ठिकाण मला दुसरं सापडलं नाही. जूनच्या शेवटी गुलाब भरात असतात म्हणून मी तारखा त्या आठवड्यातल्या धरल्यात. व्हीलचेअर तिथे मिळते आणि ती घ्यायची, त्यात कमीपणा काही नाही, दिवसभर बघायचं असेल तर पाय वाचवायलाच हवेत.

क्रेगडारोक कॅसल नावाचा तिथला जुना वाडा मी वगळलाय. सुंदर आहे पण आत पायऱ्याच पायऱ्या आणि लिफ्ट नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी बाबा आणि मी ऑग्डन पॉइंटच्या ब्रेकवॉटरवर चालून येऊ, समुद्रात पाऊण किलोमीटर गेलेला दगडी बांध आहे, टोकाला छोटं दीपगृह, आणि आता दोन्ही बाजूंना कठडा आहे. समोर पाण्यापलीकडे अमेरिकेतले ऑलिम्पिक पर्वत दिसतात. त्या डोंगरांनीच पाऊस अडवल्यामुळे व्हिक्टोरियाला व्हँकुव्हरच्या जवळपास निम्माच पाऊस पडतो, त्यामुळे छत्रीचं ओझं नको. पण वारा थंड असतो, जूनमध्येसुद्धा, स्वेटर आणि कानटोपी घ्याच.

सामानाचं सांगून ठेवते, छोट्या विमानात मोठी कडक बॅग चालत नाही, एकेक मऊ पिशवी फक्त, बाकी सगळं माझ्या घरी राहील. बीपीच्या गोळ्या अंगाजवळच्या पिशवीत, दोन दिवसांच्या जास्तच घ्या, धुक्यामुळे अडकलो तर पंचाईत नको. विमानात टॉयलेट नाही, टर्मिनलवर जाऊन घ्यायचं. पासपोर्ट लागेल, आणि प्रवासाचा विमा तुम्ही तिथून निघायच्या आधीच काढा, इथे हॉस्पिटलचा खर्च आपल्याला झेपणारा नसतो, जुनी दुखणी त्यात लपवू नका नाहीतर क्लेम नाकारतात.

आणि बाबा, खर्चाचं. मी बाजूला काढून ठेवलेत, यासाठीच. तुम्ही दोघांनी आमच्या शिक्षणाच्या वर्षांत स्वतःसाठी एकही सहल केली नाहीत, पुढच्या वर्षी पुढच्या वर्षी करत राहिलात, मी तेव्हा लहान होते पण मला दिसत होतं. मला तुम्हाला त्या बागेत बघायचंय.

तर मला तीन गोष्टी कळवा. गुडघ्याचं खरं काय ते, दोघांची वजनं, कारण छोट्या विमानात वजनाचा हिशोब लागतो, आणि जूनच्या शेवटच्या आठवड्यात मावशीकडचं कार्य नाही ना ते. रविवारपर्यंत कळलं तर सोमवारी मी बुकिंग करते.

तुमची,
लेक